तकदिरीकडून तकदिरीकडे

शिखर जेमतेम शंभर मीटर वर राहिलं होतं आणि आम्ही मागे फिरलो. आभाळ निळंशार होतं, वारा पडला होता, पायांत अजून ताकद होती. घड्याळात साडेअकराही वाजले नव्हते. खालून पाहणाऱ्या कुणालाही आम्ही भित्रेच वाटलो असतो. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण उतरताना मला शिखराची आठवण आली नाही. आठवत होती माझी फुफू आणि २०२१ च्या जुलैमध्ये फोनवर तिला मी म्हटलेलं एक वाक्य.

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून सिल्व्रेट्टा नावाची डोंगररांग आहे. गाल्ट्यूर हे तिथलं साधारण १६०० मीटर उंचीवरचं छोटं गाव. तिथून याम दरीत आत शिरलं, की दोन-तीन तासांच्या चालीवर २१६५ मीटरवर यामटालह्युट नावाचं डोंगरातलं विश्रामगृह लागतं. आम्ही आदल्या दिवशी तिथे मुक्कामाला पोहोचलो. सकाळी यामटालफर्नर या हिमनदीवरून चढत हिंटेरे यामश्पिट्झे हे ३१५६ मीटरचं शिखर गाठायचं, असा बेत होता. फेब्रुवारी संपत आला होता. आम्ही चौघे होतो: माझ्या ऑफिसातले दोघे, मी आणि त्याच भागातली एक व्यावसायिक गाईड.

स्की म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतं ते पाळण्यात बसून वर जाणं आणि घसरत खाली येणं. स्की टूरिंगमध्ये पाळणा नसतो. डोंगर आपल्याच पायांनी चढायचा. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला ‘स्किन’ म्हणतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा अंगोरा बकरीच्या केसांची असते. तिच्या लवेची दिशा अशी असते, की स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचा चवडा स्कीला अडकवलेला असतो आणि टाच मोकळी. एक पाय पुढे सरकवायचा, मग दुसरा. तासाला तीन-साडेतीनशे मीटर उंची चढलात तर चाल ठीक. वर पोहोचलं की पट्ट्या काढायच्या, टाच घट्ट अडकवायची आणि चार तासांत कमावलेलं सगळं तासाभरात खर्च करून खाली यायचं. महाडच्या पोराला हे वेड कसं लागलं, हा वेगळा विषय. एवढंच सांगतो, की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला सपाट देशात करमत नाही.

संध्याकाळी पाच वाजता विश्रामगृहातले जवळजवळ सगळे जण फोन काढून बसले. टिरोलमध्ये हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन येतं. टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो हे तीन प्रांत, म्हणजे दोन देश, २०१८ पासून ते मिळून काढतात. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. १९९३ पासून सगळ्या युरोपात एकच मोजपट्टी वापरली जाते. नुसता आकडा देऊन ते थांबत नाहीत. धोका किती उंचीच्या वर आहे, कोणत्या दिशेला तोंड असलेल्या उतारांवर आहे, ताज्या बर्फामुळे आहे की खालच्या जुन्या कमकुवत थरामुळे, हे सगळं त्यात सांगितलेलं असतं. त्या दिवशी आमच्यासाठी तिसरी पायरी होती: उंचावर, सावलीच्या उतारांवर, जुन्या थरामुळे.

गाईडने नकाशा पसरला. तिसरी पायरी फसवी असते, असं तिचं म्हणणं होतं. चौथी-पाचवी आली की लोक घरी बसतात. तिसरीला बाहेर पडतात, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक बळी त्याच दिवशी जातात. वेर्नर मुंटर या स्विस गाईडने १९९० च्या दशकात यासाठी एक साधा हिशोब घालून दिला. धोका दुसऱ्या पायरीवर असेल तर ४० अंशांहून तीव्र उतारावर जाऊ नये, तिसरीला ३५, चौथीला ३०. आमच्या वाटेचा बहुतेक भाग ३० अंशांच्या आत होता. प्रश्न फक्त शिखराखालच्या शेवटच्या उताराचा होता. “तिथे पोहोचल्यावर ठरवू,” ती म्हणाली. “आणि तिथे कुणीही एकजण नको म्हणाला, तर नको.”

सकाळी अंधारातच उठलो. वुजू करून मग बूट चढवले, म्हणजे दिवसभर बुटांवर मसह करता येतो. मुसाफिराला ती सवलत तीन दिवस-रात्रींची आहे. जेवणघराच्या कोपऱ्यात आग्नेयेकडे तोंड करून फजर पढलो. बाहेर पडताना दारातच गाईडने प्रत्येकाचं यंत्र तपासलं. छातीवर बांधायचं हे छोटं यंत्र सतत रेडिओलहरी सोडत असतं. बर्फाखाली कुणी गाडला गेला तर बाकीचे आपापली यंत्रं शोधावर लावून त्याच्यापर्यंत पोहोचतात. पाठीवर लांब सळई आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर शक्यता झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो. सोबत्यांनीच काढायचं असतं. तिथे फावडं न आणणारा माणूस स्वतःपुरता बेफिकीर नसतो. तो दुसऱ्याच्या जिवाबद्दल बेफिकीर असतो.

चढ सुंदर होता. डावीकडे फ्लुख्टहॉर्नवर पहिलं ऊन पडलं. ११ जून २०२३ रोजी या डोंगराच्या शिखराचा एक भाग कोसळला आणि सुमारे दहा लाख घनमीटर खडक खाली आला. खडकाच्या भेगांतला वर्षानुवर्षांचा बर्फ वितळतोय, डोंगराला धरून ठेवणारा गिलावा सुटतोय. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. खालची हिमनदीही दर वर्षी पातळ होते आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथले संशोधक तिचा दरसालचा जमाखर्च मोजत आले आहेत, आणि तो तुटीचा आहे. हे सगळं गाईड चालता चालता सांगत होती, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशी.

शेवटच्या उताराच्या पायथ्याशी, जरा सपाट जागी, पायाखाली आवाज झाला. ‘व्हुम्म’. रिकाम्या रांजणावर कुणी हात मारावा तसा. बर्फ बोटभर खाली बसला आणि पुढे दहा पावलांवर एक बारीक भेग सरसर धावत गेली. खालचा कमकुवत थर आमच्या वजनाने मोडला होता. सपाट जागा होती म्हणून नुसता आवाज झाला. तेच उतारावर झालं असतं तर वरचं सगळं पांघरूण आमच्यासकट निघालं असतं.

गाईडने मागे वळून आम्हा तिघांकडे पाहिलं. माझ्या एका सहकाऱ्याने शिखराकडे बोट दाखवलं: इतकंच तर राहिलंय. आणि माझ्या जिभेवर, कसं कोण जाणे, जन्मभर ऐकलेलं वाक्य आलं. चला, अल्लाह मालिक आहे.

ते मी उच्चारलं नाही. पण आलं, हे खरं.

*

आमचं गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. फुफूचं घर वाडीत सगळ्यात वर होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पाऊस लागला तसा तिच्या परसामागच्या उतारावर जमिनीला भेग दिसली. शेजारच्या गुराख्याने सांगितलं, विहिरीचं पाणी गढूळ झाल्याचंही लोक बोलले. मी तेव्हा जर्मनीत होतो. फुफूचा फोन आला. तिने सरळ विचारलं, “बेटा, तू शिकलेला आहेस. खाली मशिदीजवळच्या खोलीत जाऊन राहू का चार दिवस?” मला मीटिंगला जायचं होतं. मी म्हणालो, “काही होत नाही फुफू, अल्लाहवर सोडा.”

२२ जुलैच्या रात्री उतार खाली आला. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्या आकड्यापुढे आमच्या वाडीतली एक म्हातारी कुठे मोजली जाणार! मयतीला जमलेल्यांनी अब्बांना सांगितलं, इतकीच हयात लिहिली होती. अब्बांनी मान डोलावली. मीही फोनवर तेच म्हणालो. मला ते म्हणणं सोयीचं होतं. तकदिरीवर टाकलं की माझ्या वाक्याचा हिशोब द्यावा लागत नव्हता.

मृत्यूनंतर तकदिरीची आठवण काढण्यात गैर काही नाही. ज्याचं माणूस गेलं, त्याला उभं राहायला तोच आधार असतो, आणि तो मी कुणाकडूनही काढून घेणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मृत्यूनंतर सांत्वनासाठी असलेला शब्द आपण मृत्यूच्या आधी वापरतो, आणि तोही आळस झाकायला. हेल्मेट नको, अल्लाह मालिक आहे. इमारतीच्या खांबाला तडा गेलाय, अल्लाह मालिक आहे. तपासणी करून घ्या, डॉक्टरांनी सांगितलंय. अरे, अल्लाह मालिक आहे. याला आपण तवक्कुल म्हणतो. ही तवक्कुल नाही.

तिर्मिजीच्या संग्रहातली ती हदीस मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असं एकाने विचारलं, तेव्हा प्रेषितांनी त्याला आधी बांध, मग भरवसा ठेव, असं सांगितलं. आपण ही हदीस वाझमध्ये ऐकतो, माना डोलावतो आणि उंट मोकळा ठेवून घरी येतो.

पण त्या दिवशी बर्फात मला याहून मोठा एक प्रसंग आठवला. हिजरी सनाच्या १७-१८ व्या वर्षाची गोष्ट. हजरत उमर शामच्या दौऱ्यावर निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी अबू उबैदा आणि इतर सेनानी त्यांना भेटले आणि पुढे प्लेग पसरल्याची खबर दिली. उमर यांनी आधी मुहाजिरांना विचारलं, मग अन्सारांना. दोन्हीकडे मतं दुभंगली. मग कुरैशमधल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, त्यांनी एकमुखाने परत फिरायला सांगितलं. उमर यांनी परतीचा हुकूम दिला. अबू उबैदांना ते रुचलं नाही. अल्लाहच्या तकदिरीपासून पळता काय, असं त्यांनी विचारलं. उमर यांचं उत्तर होतं, की होय, अल्लाहच्या तकदिरीपासून अल्लाहच्याच तकदिरीकडे. आणि पुढे त्यांनी दाखला दिला: तुझे उंट एका दरीत उतरले, जिचा एक उतार हिरवा आहे आणि दुसरा उजाड. हिरव्यावर चारलेस तरी ती अल्लाहची तकदीर आणि उजाडावर चारलेस तरी तीच, नाही का?

दोन उतार. मी अक्षरशः दोन उतारांच्या मधोमध उभा होतो.

या प्रसंगात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे प्लेगच्या मुलखात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही प्रेषितांची शिकवण अब्दुर्रहमान बिन औफ यांनी येऊन सांगितली ती नंतर. उमर यांचा निर्णय आधीच झाला होता. तो त्यांनी खबर ऐकून, माणसांना विचारून, अक्कल चालवून घेतला होता. दुसरी म्हणजे अबू उबैदा हे काही कच्च्या ईमानाचे नव्हते. ते फार वरच्या दर्जाचे सहाबी. म्हणजे वाद एका नेकाचा दुसऱ्या नेकाशी होता. अबू उबैदा आपल्या फौजेकडे परतले आणि त्याच प्लेगमध्ये गेले. त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण समाजाचा कारभार करायचा तर उदाहरण उमर यांचं घ्यावं लागेल.

*

आता काहीजण म्हणतील, बघा, मुसलमान दैववादी असतातच, हा स्वतःच कबूल करतोय. त्यांना विचारावंसं वाटतं, तळियेतले लोक कोणत्या धर्माचे होते? ३० जुलै २०१४ ला माळीण गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ठाकर आदिवासींची वाडी होती ती. नशीब, दैव, प्राक्तन, मुकद्दर: शब्द तेवढे वेगळे. आणि सर्वात मोठी दैववादी असते ती सरकारी फाइल. तिच्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ असं लिहिलं जातं. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. यादीत नाव नव्हतं म्हणजे जणू डोंगराने नियम मोडला.

गाल्ट्यूरमध्येही हेच झालं होतं. १९९९ च्या फेब्रुवारीत तिथे आठवडेच्या आठवडे बर्फ पडत राहिला, दरीचा रस्ता बंद झाला. २३ तारखेला दुपारी गावावर हिमलोट आला आणि ३१ माणसं मेली. दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्झूर वस्तीत आणखी सात. त्यातली अनेक घरं नकाशावर सुरक्षित रंगाच्या पट्ट्यात होती. त्यांची यादीही चुकलीच होती. फरक पडतो तो यापुढे. हेलिकॉप्टरांनी दरीतून हजारो लोकांना बाहेर काढलं गेलं. मग नकाशे नव्याने आखले गेले. डोंगराच्या बाजूने ३४५ मीटर लांबीची भिंत उभी राहिली, आणि त्या भिंतीच्या पोटातच गावाने एक संग्रहालय केलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला विसरता येऊ नये. वरच्या उतारांवर पोलादी अडसर बसले. ऑस्ट्रियन माणूस जन्मतः आपल्याहून शहाणा असतो असं नव्हे. त्यांनी चुकीची चौकशी केली, आपण चुकीला दैव म्हणालो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो अब्बांनीच घेतला. “तू हौसेने डोंगरावर गेलास आणि हौसेने परत आलास. फुफू कुठे जाणार होती? बकऱ्या कुठे बांधल्या असत्या?” बरोबर आहे. सूचना नुसती देऊन भागत नाही. जायला जागा लागते, तिथे चूल लागते, गुरांना गोठा लागतो. चार दिवस सरले आणि दरड आली नाही, तर घाबरट म्हणून हसणार नाहीत असे शेजारी लागतात. पण फुफूच्या बाबतीत मशिदीजवळची खोली रिकामी होती. ती जायला तयार होती. तिला एका शिकलेल्या माणसाचा होकार हवा होता, आणि त्याने अल्लाहचं नाव पुढे करून नकार दिला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दरडीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीसाठी पावसाळ्यात रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, मराठीत, चार ओळींची सूचना यावी: आज पायरी कोणती, कोणता उतार, कोणत्या वाडीने खाली झोपायचं. ते काम सरकारचं आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. पण तोवर आपल्याकडे एक व्यवस्था आहे, दिवसातून पाच वेळा चालू होणारी. मशिदीचा भोंगा. मगरीबनंतर इमामसाहेबांनी दोन वाक्यं बोलावीत: अमक्याच्या परसात भेग दिसली आहे, वरच्या चार घरांनी आज मदरशात झोपायला यावं. देवळाच्या भोंग्यावरूनही तेच बोललं जावं. भेग दिसणं, झाडं कलंडणं, विहिरीचं पाणी अचानक गढूळ होणं, झऱ्याने जागा बदलणं, या खुणा आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. त्या ऐकून घेणारा कुणीतरी हवा. आणि कुणी विचारायला आला, की उत्तर देण्याआधी आपण एकदा भेग पाहून यावी.

*

त्या उताराखाली गाईडने तिघांनाही विचारलं होतं. शिखराकडे बोट दाखवणारा गप्प होता. मी म्हणालो, “नको.” एवढंच पुरलं. तिने कारण विचारलं नाही, कुणी चिडवलं नाही. पट्ट्या सोलून काढल्या, गुंडाळून जाकिटाच्या आत ठेवल्या आणि एकेक करून, अंतर राखून, आल्या वाटेच्या सौम्य उताराने खाली आलो. वरचा उतार त्या दिवशी कोसळला का? मला ठाऊक नाही. कदाचित आम्ही शिखरावर जाऊन सुखरूप परत आलोही असतो. परत फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही, म्हणून ते अवघड असतं.

विश्रामगृहाबाहेर बाकावर जुहरच्या दोन रकात कसर पढलो. मग अब्बांना फोन लावला.

“वर पोहोचलास?”

“नाही अब्बा, परत फिरलो.”

“का रे?”

मी भेगेचं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांना मी ती गोष्ट सांगितली, जी साडेतीन वर्षं सांगितली नव्हती: त्यांच्या बहिणीने मला काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो. मला वाटलं, ते म्हणतील, इतकीच हयात होती.

ते म्हणाले, “मलाही विचारलं होतं तिने.”

या पावसाळ्याआधी आम्ही दोघं मिळून मशिदीजवळच्या त्या खोलीचं छप्पर दुरुस्त करतो आहोत. शेजारी बकऱ्यांसाठी पडवी काढणार आहोत. वरच्या घरांना सांगून ठेवलं आहे. किल्ली इमामसाहेबांकडे आहे.